मरिया देवाची उणीव भरून काढत नाही

सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमावलीची (माउंट मेरीची) जत्रा जवळ आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: ख्रिस्ती लोकांचा देव नुसता बाप आहे, कडक आणि शिक्षा करणारा. त्याच्याकडे आईची माया नाही. ती भूक भागवायला कॅथलिकांनी येशूच्या आईला, मरियेला, देवी करून बसवलं. वर तिला कुमारी ठरवून घरोघरच्या आयांचं बाळंतपण हलकं ठरवलं. आणि बाईची किंमत काय ती आई होण्यात, असंही हाच धर्म शिकवतो.

पहिल्या दाव्यावर बाकीचे तिन्ही उभे आहेत, म्हणून तिथे जरा थांबावं लागेल.

देवाला ‘पित्या’ म्हणायला येशूने शिकवलं आणि चर्चची प्रार्थना आजही तशीच चालते, हे खरंच आहे. पण त्यावरून देवाकडे आईची माया नाही असं म्हणायचं, तर बायबलमधलं यशया संदेष्ट्याचं पुस्तक मिटूनच ठेवावं लागेल. यरुशलेम उद्ध्वस्त झालं आहे, माणसं बाबेलला (बॅबिलॉनला) हाकलली गेली आहेत, आणि ती नगरी म्हणते, प्रभू मला विसरला. त्याला ४९व्या अध्यायात देवाचं उत्तर येतं: आई आपल्या अंगावर पिणाऱ्या बाळाला विसरेल का? एक वेळ ती विसरेल, पण मी तुला विसरणार नाही.

त्यातलं ‘एक वेळ ती विसरेल’ हे मला फार महत्त्वाचं वाटतं. संदेष्टा आयांची खोटी स्तुती करत नाही. मुलाला टाकून गेलेल्या आया त्यालाही ठाऊक होत्या. ज्याच्या वाट्याला आईची माया आलीच नाही, त्यालाही या वचनात जागा आहे. सणासुदीला आईवर प्रवचनं होतात, तेव्हा अशी माणसं मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेली असतात. त्यांना ‘देव तुझ्या आईसारखा आहे’ एवढंच सांगून भागत नाही. आई जिथे कमी पडते तिथेही तो कमी पडत नाही, हे सांगावं लागतं, आणि यशया नेमकं तेच सांगतो.

याच पुस्तकात ४२व्या अध्यायात देव वेणा देणाऱ्या बाईसारखा ओरडतो, धापा टाकतो. ६६व्यात आई लेकराला समजावते तसं मी तुमचं सांत्वन करीन, असं म्हणतो. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात, ११व्या अध्यायात, तो एफ्राइमला, म्हणजे इस्राएलच्या लोकांना, हाताला धरून चालायला शिकवतो, वाकून भरवतो. आणि खुद्द येशू यरुशलेमकडे पाहून म्हणतो, कोंबडी पिलांना पंखाखाली घेते तसं तुझ्या लेकरांना जवळ घ्यावं असं कितीदा मनात आलं, पण तुम्हाला ते नको होतं.

हे आताच्या काळाला शोभेल म्हणून कोणी शोधून काढलेलं नाही. अकराव्या शतकात कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या संत अँसेल्मने प्रार्थनेत येशूला आई म्हटलं आहे. १३७३ साली मरणाच्या दारातून परतलेल्या नॉर्विचच्या ज्युलियन या इंग्लिश साधिकेने त्याच विचाराचं सविस्तर चिंतन लिहून ठेवलं. आणि १० सप्टेंबर १९७८ रोजी, अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला इजिप्त आणि इस्राएल यांची शांततेची बोलणी चालू असताना, पोप पहिले जॉन पॉल यांनी यशयाचं हेच वचन घेऊन भाविकांना सांगितलं, देव बाप आहे, त्याहून अधिक तो आई आहे. जेमतेम ३३ दिवसांच्या कारकिर्दीतलं त्यांचं हे वाक्य आजही लोकांच्या स्मरणात आहे. चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही (परिच्छेद २३९) म्हटलं आहे की देवाची माया आईच्या रूपानेही सांगता येते, आणि देव पुरुषही नाही, स्त्रीही नाही. विटेवर उभ्या विठ्ठलाला माउली म्हणताना ज्या महाराष्ट्राला काही खटकत नाही, त्याला हे समजायला अवघड जाऊ नये.

मग मरिया कशासाठी? दुसरा दावा इथे येतो. देवाकडे जे नाही ते पुरवायला ती आली, असं समजलं की ती आपोआप देवी होते. पण चर्चने हा समज फार लवकर खोडून काढला. चौथ्या शतकात सायप्रसमधल्या सालामिसचा बिशप एपिफानियस याने काही बायकांना फटकारलं, कारण त्या मरियेच्या नावाने लहान भाकऱ्या वाहत. त्याचं म्हणणं असं, की मरियेला मान द्या, भक्ती मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याची करा.

मोतमावलीला जाऊन बघा. रस्त्यावरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मांडलेली असतात. मूल हवं असलेलं जोडपं मेणाचं बाळ घेऊन वर जातं. हे पाहून कोणाला देवीचा नवस आठवला तर मी त्याला दोष देणार नाही, आणि काही भाविकांच्या मनातही तसंच असेल. पण वेदीवर काय चालतं ते बघा. ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्माच्या सणालासुद्धा, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण होते ती पित्याला. मिस्सेतल्या मोठ्या प्रार्थनेत मरियेचं नाव संतांच्या जोडीने येतं, पहिलं येतं, पण ती प्रार्थना तिला उद्देशून नसते. जपमाळेत आपण तिच्याकडे मागतो ते इतकंच, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर. आणि वरच्या मूर्तीत ती एकटी नाही, तिच्या हातात बाळ आहे.

तिसरा दावा, कुमारी मातेमुळे बाळंतपण हलकं ठरलं. इतिहास उलट आहे. दुसऱ्या शतकात व्हॅलेंटिनस या चर्चने नाकारलेल्या गुरूचे अनुयायी सांगत, नळीतून पाणी जावं तसा ख्रिस्त मरियेतून आला, तिच्यापासून त्याने काही घेतलं नाही. देवाने बाईच्या पोटात वाढावं हेच त्यांना सहन होत नव्हतं. त्याच काळातले बिशप संत इरेनियस यांनी त्याविरुद्ध लिहिलं, आणि ४३१ साली एफिससच्या धर्मपरिषदेने मरियेला ‘देवाची माता’ म्हणणं योग्य ठरवलं. तिचं आईपण खरं, गर्भ खरा, दूध खरं. रोममधल्या प्रिस्किलाच्या भुयारी दफनभूमीत बाळाला छातीशी घेतलेल्या मरियेचं फार जुनं चित्र आजही भिंतीवर आहे. जानेवारी २०१४ मध्ये सिस्टाइन चॅपलमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी पोप फ्रान्सिस यांनी आयांना सांगितलं, बाळ भुकेने रडत असेल तर खुशाल पाजा.

एक मात्र मान्य करायला हवं. पूर्वी बाळंतीण उठून पहिल्यांदा चर्चमध्ये आली की तिला आशीर्वाद देण्याची रीत होती. त्या प्रार्थनेत आभार होते, पण अनेक ठिकाणी लोकांनी त्या रीतीला विटाळ फेडण्याचा विधी करून टाकलं, आणि त्याचा त्रास बायकांनाच झाला. आताच्या विधीत बाप्तिस्म्याच्या शेवटी बाळ हातात घेतलेल्या आईलाच पहिला आशीर्वाद मिळतो, मग बापाला.

राहिला शेवटचा दावा. लूकच्या शुभवर्तमानात, ११व्या अध्यायात, गर्दीतली एक बाई ओरडून म्हणते, तुला वाढवणारं उदर धन्य! येशू म्हणतो, त्याहून देवाचं वचन ऐकून पाळणारे धन्य. आपल्या आईचीही थोरवी तो तिच्या विश्वासात बघतो. चर्चने आपल्या थोर आचार्यांमध्ये, म्हणजे ज्यांची शिकवण साऱ्या चर्चला मोलाची मानली त्या संतांमध्ये, चार स्त्रिया घेतल्या आहेत: आविलाची तेरेजा आणि सिएनाची कॅथरिन १९७० साली, लिझ्यूची तेरेजा १९९७ साली, बिंगेनची हिल्डेगार्ड २०१२ साली. चौघींपैकी एकीलाही मूल नव्हतं.

पण शिकवण अशी असूनही कित्येक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) मातृदिनाला आयांना उभं करून फुलं देतात, आणि ज्यांना मूल झालं नाही किंवा होऊन दगावलं, त्या बसून राहतात. या बायकांना तो मजकूर खरा वाटला तर नवल काय? बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळासाठी चर्चच्या पुस्तकात अंत्यविधीची प्रार्थना आहे, बिशपांची परवानगी घेऊन ती करता येते. कित्येक घरांना हे माहीतच नसतं. फादरांनी ते वेदीवरून सांगावं, आणि मातृदिनालाच सांगावं.