'उदासीन पालक' कुणाला म्हणता?

सकाळी लसीकरणावरचा एक लेख वाचला आणि हातातला चहा तसाच गार झाला. म्हणे, अशिक्षित आणि उदासीन पालकांमुळे गोवर-रुबेलाचे डोस रखडलेत. अधिकाऱ्यांचं म्हणणं आहे, डॉक्टरांचं आहे, वर आमच्या सोलापूरच्या पूर्व भागाचं नावही आहे. एका आईचं एक वाक्य नाही! विचारलंच नाही कुणी.

माझी वहिनी विड्या वळते. मांडीवर सूप, बाजूला झोळीत धाकटा. त्याला नऊ महिने पूर्ण झाले तशी बुधवारी त्याला घेऊन केंद्रावर गेली. दोन तास बसवून घेतलं आणि सांगितलं, "पोरं कमी आहेत, बाटली फोडता येत नाही, पुढच्या बुधवारी या." ती बाटली एकदा फोडून लस कालवली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यायची, हे मलाही माहीत आहे. पण एकच लेकरू आलं तरी फोडा ना! पुढच्या बुधवारी परत तेच. दोन्ही दिवस विड्या निम्म्याच झाल्या. मजुरी हजार विड्यांवर मिळते, ताटकळण्यावर नाही.

तिसऱ्या बुधवारी ती गेली नाही. झाली लगेच उदासीन.

बरं, काही घरांत खरंच नको म्हणतात, मान्य. आमच्या आईनेच म्हटलं, "थोरलीला दीड महिन्याच्या डोसनं रातभर ताप होता, मांडी सुजली होती, राहू दे आता." पण ताप येतो, दोन दिवसांत उतरतो, मांडी चोळू नका, एवढं तेव्हाच नीट सांगितलं असतं तर आई घाबरली असती का?

आणि ही भीती वाढवली कुणी? लिहिणाऱ्यांनीच ना? 2021 च्या जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यात 12 लेकरांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. चूक माणसांची होती, लसीची नव्हे. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर मात्र 'पोलिओ डोसने मुलं दवाखान्यात' असंच फिरलं. मुलं बरी होऊन घरी गेली, ते कुणी फिरवलं नाही. 'लसीनंतर' आणि 'लसीमुळे' यातला फरक मथळा देणाऱ्याला कळत नाही? तिकडे इंग्लंडात एका डॉक्टरने 1998 मध्ये 12 मुलांवरून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची) लस आणि ऑटिझमचा संबंध जोडला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख छापला होता, तो मागे घेईपर्यंत 2010 उजाडलं. संशय अजून जिवंत आहे. शिकलेल्या घरांतही आहे बरं का, पण त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही, त्यांचे म्हणे 'प्रश्न' असतात.

नर्सताईंवर माझा राग नाही. वाया गेलेल्या डोसांचा हिशोब त्यांनाच द्यावा लागतो. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन आणि खांद्याला लसीचा डबा, मी बघितलंय त्यांना आमच्या बोळातून जाताना. वहिनीने एकदा त्यांना ताक दिलं, तर उभ्या उभ्याच प्यायल्या.

पण 2014 च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला, तेव्हा रविवारी पोरं काखोटीला मारून बूथवर कोण गेलं होतं हो? याच विडीवाल्या बायका. तेव्हा नव्हत्या वाटतं अशिक्षित?

धाकट्याला डोस मिळाला, अकराव्या महिन्यात. रेशनकार्डाच्या पिशवीतच वहिनीने ते लसीचं कार्ड ठेवलंय, घडीवर घडी घालून. त्यावर उशिराची तारीख आहे. दोनदा परत पाठवलं, हे लिहायला त्यात जागाच नाही.

सोळा महिने भरले की दुसरा डोस. त्या बुधवारी मी रजा टाकून वहिनीबरोबर जाणार आहे. आपल्या भागात अजून कुणाची लेकरं राहिली असतील तर मला सांगा. दहा जणी मिळून जाऊ, मग बाटली फोडावीच लागेल.