माळ्यावरचा डबा

परवा काकांच्या माळ्यावरून फिल्मचा एक पत्र्याचा डबा खाली काढला. काका कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतात. तीसेक वर्षं टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, म्हणजे सिनेमाचं मशीन चालवायचे. डब्याचं झाकण गंजून बसलं होतं, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटावं लागलं. झाकण निघालं आणि व्हिनेगरचा झणका थेट नाकात गेला. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं माळ्यावर काहीतरी सांडलंय. काकांनी डबा नाकाशी नेला, परत खाली ठेवला आणि म्हणाले, "रीळ मराय लागलंय रं."

पाच-सहा फूट फिल्म उलगडून खिडकीकडं धरली. नऊवारीतली बाई, पायात चाळ, मागं ढोलकीवाला, बाजूला फेटेवाली मंडळी. साडी कुठल्या रंगाची होती हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण सगळी चौकट गुलाबी-तांबडी झाली आहे. त्या काळच्या रंगीत फिल्ममध्ये निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि तांबडा तेवढा मागं राहतो. फिल्मच्या कडा लाटेसारख्या वळल्यात, फिल्म आखडली आहे. "आता मशीनला लावायची न्हाई. भोकं दात्यावर बसणार न्हाईत, टरकन फाटंल," काका म्हणाले. कुठल्या सिनेमाचं रीळ आहे ते त्यांना आठवत नाही. डब्यावरचं लेबल वाळवीनं खाल्लंय.

त्याच आठवड्यात राजारामपुरीतल्या एका मित्राकडं परदेशातून पार्सल आलं. रामसे बंधूंच्या भयपटांचा ब्लू-रे (स्वच्छ, ठळक चित्राच्या डिस्क) संच, मोंडो मकाब्रो नावाच्या कंपनीनं काढलेला. 'पुराना मंदिर' १९८४चा, 'वीराना' १९८८चा. आपल्याकडं त्या काळी प्रतिष्ठित माणूस हे सिनेमे बघितले असं चारचौघांत सांगायचाही नाही. आम्ही रात्री दहाला त्यातला एक लावला आणि पहिल्या दहा मिनिटांत गप्प झालो. हवेलीतल्या अंधारात निळा प्रकाश कुठून येतो, धूर कसा सरकतो, भिंतीवरचा ओलावा, सगळं दिसत होतं. हाच सिनेमा मी लहानपणी भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर बघितला होता, तेव्हा अंधार म्हणजे नुसता काळा चिखल होता. या कंपनीच्या लोकांनी जुनी फिल्म दुरुस्त करायला एवढी मेहनत घेतली आणि पडद्यामागं काम केलेल्या माणसांची कला पहिल्यांदा मला दिसली.

आणि मग तो प्रश्न आलाच. आपल्या मराठी सिनेमांसाठी हे कोण करणार?

माझ्याकडं मराठी सिनेमांच्या दीडशेच्या वर व्हीसीडी होत्या. २०१९च्या पुरात तळघरात पाणी शिरलं आणि निम्म्याच्या वर गेल्या. त्यातली एक मी किती वेळा लावली असेल त्याला गणती नाही, म्हणून तिचं वर्णन करतो. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, तो थेट नटीच्या खांद्यावर. चौकट वरून कापलेली, त्यामुळं उंच नटाचं कपाळ गायब. एक लावणी अर्धी, कारण दोन डिस्कमध्ये सिनेमा बसवायचा होता. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. नाचताना बाई वळली की तिचा चेहरा चौकोनी तुकड्यांत फुटायचा. एका अख्ख्या पिढीनं मराठी सिनेमा असा बघितला आणि "जुने मराठी सिनेमे म्हणजे तसलेच" असं म्हणायला लागली. सिनेमे तसले नव्हते. आपल्यापर्यंत पोचली ती प्रत तसली होती.

३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी धावते. दोन तासांच्या सिनेमात १ लाख ७२ हजार ८०० चौकटी होतात. निगेटिव्ह, म्हणजे ज्यावरून प्रती निघतात ती मूळ फिल्म, हाती लागलं तर आधी ते हातानं साफ करायचं, फाटलेले जोड दुरुस्त करायचे, मग चौकट न् चौकट स्कॅन करायची. ओरखडे, धूळ, थरथर काढायची, पण फिल्मचा मूळ दाणा, म्हणजे चित्रातले बारीक कण, ठेवायचा. तो पुसला की माणसांचे चेहरे मेणाचे दिसतात. हल्ली इंटरनेटवर "एचडीमध्ये जुना सिनेमा" म्हणून जे फिरतं, त्यात बरेचदा हेच झालेलं असतं. वर चित्र आडवं ताणलेलं, त्यामुळं बारीक माणसंही जाडी दिसतात. ध्वनीचं काम तर याहून नाजूक. खरखर काढता काढता ढोलकीची थाप बोथट व्हायला वेळ लागत नाही.

"यूट्यूबवर आहे की सगळं!" असं मला दर चार दिवसांनी कोणीतरी सांगतं. आहे, मान्य. मीही बघतो. पण तिथली प्रत बहुतेक त्याच व्हीसीडीची किंवा टीव्हीवरून उतरवलेली असते आणि ती उद्या काढून टाकली तर आपल्या हातात काय राहतं? माझं म्हणणं एवढंच आहे की सिनेमा एका ठिकाणी जपून भागत नाही. त्याच्या चांगल्या प्रती घराघरात असल्या पाहिजेत.

हे मी कोल्हापूरकर म्हणून म्हणतोय. खरी कॉर्नरला कॅमेरा मानस्तंभ आहे, तिथून जाताना आपली मान ताठ होते. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२०ला 'सैरंध्री' काढला. १९२५चा त्यांचा मूक 'सावकारी पाश', ज्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते, आज कुठंही बघायला मिळत नाही. १९४८ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. त्यांचा 'मीठभाकर' सिनेमा त्यात गेला, भालजींनी तो पुन्हा काढला. प्रभात कंपनी १९२९ला इथं सुरू झाली, १९३३ला पुण्याला गेली. त्याच जागेवर पुढं फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि तिथल्या गोदामात २००३ला आग लागून नायट्रेट या चटकन पेटणाऱ्या पदार्थाच्या जुन्या फिल्म गेल्या, प्रभातच्याही. नायट्रेट एकदा पेटली की विझत नाही. सांगायचं ते इतकंच की आपल्या गावच्या सिनेमाचा इतिहास निम्मा आगीत आहे, आणि उरलेला माळ्यावर आंबतोय.

सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचं निगेटिव्ह १९९३ला लंडनमधल्या प्रयोगशाळेच्या आगीत होरपळलं. इटलीत बोलोन्याला तज्ज्ञांनी त्या जळक्या फिती महिनोन्महिने हाताळल्या. 'पथेर पांचाली'चं सुमारे ४० टक्के निगेटिव्ह वापरता आलं. बाकीचं जगात इतरत्र असलेल्या प्रतींतून भरून काढलं. म्हणजे सिनेमा वाचला तो दुसरीकडं प्रती होत्या म्हणून. आपल्याला हे नवीन आहे का? नाथांनी शके १५०६ला ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अशाच वेगवेगळ्या पोथ्या समोर घेऊन. कुणाच्या तरी देवघरात पोथी होती म्हणून पाठ मिळाला.

मला आवडलेली एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत एका डिस्क कंपनीनं स्वतःचं नावच 'व्हिनेगर सिंड्रोम' ठेवलंय. काकांच्या डब्यातल्या रिळाला जो रोग झालाय, त्याचं हे नाव. २०१२पासून ती कंपनी कुणी न विचारलेले, समीक्षकांनी नाक मुरडलेले सिनेमे शोधून, दुरुस्त करून ब्लू-रेवर काढते. मर्यादित प्रती, नवं मुखपृष्ठ, आत छोटी पुस्तिका, सिनेमात काम केलेल्यांच्या मुलाखती. घेणारे संग्राहक वाट बघून घेतात. मला नेमकं हेच मराठीत हवं आहे, आणि फक्त पुरस्कारप्राप्त सिनेमांसाठी नको. तमाशापट, गावरान विनोदी सिनेमे, भुताखेतांचे सिनेमे, ज्यांचे संवाद रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना पाठ आहेत, ते आधी घ्या. सन्मानाच्या सिनेमांकडं निदान सरकारचं लक्ष जातं, यांचं मात्र कुणी नाही. प्रेक्षकांनी ज्याच्यावर जीव लावला तो सिनेमा जपायला परीक्षकांची शिफारस कशाला लागते?

पैशाचं काय, असं विचाराल. खर्च मोठा आहे, नाकारत नाही. पण प्रकाशनपूर्व सवलतीत आधी पैसे भरून पुस्तक घेणारा वाचक मराठीत आहे. चरित्रग्रंथांचे खंड, कोश याच वाटेनं निघाले. हजार घरांनी आधी नोंदणी केली तर एका सिनेमाची गोष्ट सुरू होऊ शकते. मी पहिली नोंदणी करायला तयार आहे, दोन प्रतींची. कायद्याचंही बघा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे भालजींचे पन्नाशीच्या दशकातले सिनेमे आता त्या बंधनातून मोकळे झालेत. पण कागदावर हक्क मोकळा झाला तरी रीळ ज्याच्या माळ्यावर आहे त्यानं दार उघडल्याशिवाय काही होत नाही.

म्हणून एक कळकळीची विनंती. कोल्हापुरात निर्माते, वितरक, टॉकीजवाले, ऑपरेटर यांची शेकड्यांनी घरं आहेत. वाड्याचं बांधकाम काढताना, घर रिकामं करताना पत्र्याचे गोल डबे दिसले तर भंगारात देऊ नका. झाकण उघडून वास घ्या. आंबट वास आला तर तो डबा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा, कारण त्याची वाफ शेजारच्या चांगल्या रिळालाही लागते. गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत किंवा ओल्या भिंतीला टेकून ठेवू नका. मशीनवर लावून बघायचा मोह तर बिलकूल करू नका. पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथं विचारा.

काकांचा डबा आता आमच्या घरी, उत्तरेकडच्या खोलीत, एकटा ठेवलाय. शनिवारी तो घेऊन पुण्याला निघतोय. काका म्हणाले, "मी पण येतो. त्या बाईचं नाव सापडलं तर तिथंच सापडंल."