एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: हेडफोनमधल्या आवाजाने ध्यान लागतं का?

नमस्कार ताई,

तुम्ही इगतपुरीला विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं केली आहेत. आमच्या 'बायनॉरल बीट्स'च्या सत्रात मात्र अर्धा तास कानात नुसती घरघर झाली, मन निवण्याऐवजी वैताग आला. मेंदूच्या लहरी बदलतात ही थाप आहे आणि हेच यूट्यूबवर फुकट मिळतं, असं तुम्ही लिहिलंत. यातलं बरंचसं मला पटतं. 'थाप' हा शब्द तेवढा पटत नाही.

ती घरघर म्हणजेच बीट. डाव्या कानात 200 हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला 200 कंपनांचा) आणि उजव्या कानात 210 हर्ट्झचा सूर सोडला, की सेकंदाला दहा हेलकावे ऐकू येतात. ते हेडफोनमध्ये नसतातच. दोन्ही कानांकडून आलेले संदेश मेंदूच्या तळाशी जिथे एकत्र येतात, तिथे ते तयार होतात. तंबोऱ्याची जोड किंचित उतरलेली असली की जी लाट ऐकू येते, तशीच ही लाट. फक्त तंबोऱ्याची हवेत उठते. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश डोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नोंदवलंय. त्याबद्दल शंका नाही.

शंका आहे ती पुढच्या दाव्याबद्दल: 10 हर्ट्झचे हेलकावे ऐकवले की मेंदूही 10 हर्ट्झच्या अल्फा लयीत, म्हणजे जागेपणी निवांत असतानाच्या लयीत जातो. 2023 साली हे तपासणाऱ्या 14 ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातले 5 या दाव्याच्या बाजूचे, 8 विरोधातले, एक संमिश्र. म्हणूनच 'अल्फा अवस्था हमखास' असं आमच्या माहितीपत्रकात कुठेही नाही आणि कधी असणारही नाही.

पण लहरी बदलणं वेगळं आणि माणसाला बरं वाटणं वेगळं. 2005 साली ऑपरेशनच्या आधी ताणात असलेल्या 108 रुग्णांवर प्रयोग झाला. बीट्स घातलेला ऑडिओ ऐकणाऱ्यांची चिंता 26.3 टक्क्यांनी उतरली, बीट्सविना तोच ऑडिओ ऐकणाऱ्यांची 11.1 टक्क्यांनी, काहीच न ऐकणाऱ्यांची 3.8 टक्क्यांनी. एका प्रयोगावर सगळा भार टाकू नये, हे खरंच. तरी ऑफिसमधून तणतणत आलेली, पाच मिनिटंही डोळे मिटून बसू न शकणारी माणसं याच खुर्चीत सैलावताना मी रोज बघतो. त्यांना धरायला काहीतरी हवं असतं, ते हा आवाज देतो.

तुम्हाला त्याची गरज नाही. श्वासाकडे बघायची सवय असलेल्याला हा सततचा आवाज मध्येच येतो, असं नियमित ध्यान करणारे इतरही सांगतात. आराम आणि ध्यान एक नव्हे, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

यूट्यूबवरचं जरूर ऐका, फक्त दोन्ही कानांचे हेडफोन लावून. मोबाइलच्या स्पीकरवर दोन्ही सूर हवेतच मिसळतात आणि मग ते बायनॉरल राहत नाही. आमच्याकडे पैसे पडतात ते शांत खोलीचे आणि सोबत बसणाऱ्या माणसाचे. (हे वाचणाऱ्या कुणाला फिट येत असतील, तर घरीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऐकू नका.)

रिव्ह्यू आहे तसाच राहू द्या. सत्राचे पैसे परत हवे असतील तर काउंटरवर बुकिंगचा मेसेज दाखवा, लगेच मिळतील.