आवाजाचं बटण कोणाच्या हातात?

गणपती जवळ आले की मुंबईतल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. काहीजण म्हणतात, ढोल-ताशाशिवाय सण कसला? बाकीचे डेसिबल मोजतात. मोजणाऱ्यांकडे कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. भोंगा हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. ढोलवाल्यांकडे गिरगाव आहे, आणि तिथे वाढलेल्या कोणालाही ही बाजू हलकी वाटणार नाही.

मीही गिरगावातली. आता इंग्लंडात, लीड्सला नोकरी करते. मी ऑटिस्टिक आहे, म्हणून ग्रुपवर सगळे मला शांततेच्या बाजूला धरून चालतात. मला मात्र आवाज हवा असतो, फक्त तो माझ्या ओळखीचा हवा.

फ्रिजची घरघर, शेजारच्या टेबलावरचा चमचा, समोर बोलणारा माणूस, सगळं माझ्या डोक्यात सारख्याच जोराने शिरतं. संवेदनांची ही तीव्रता २०१३ च्या डीएसएम-५ या मानसोपचारातल्या निदान-पुस्तिकेपासून ऑटिझमच्या निकषांतही आहे. असं झालं की मी तीनतालाचा लेहरा लावते. तबल्याच्या रियाजासाठी वाजवतात तो, सोळा मात्रांची एकच धून, फिरून फिरून तीच. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ठरलेल्या जागी येणार याची खात्री असते. जीव घाबरलेला असताना विलंबित, म्हणजे संथ लय लावली तर उलट चीड येते. आधी द्रुत लागते, आतल्या धांदलीच्या वेगाची, आणि मग ती अॅपवर बोटाने थोडी थोडी उतरवत न्यायची. श्वास मागोमाग उतरतो. हेडफोन गाडीची सलग घरघर बरीचशी कापतात, पण अचानक वाजलेल्या हॉर्नला ते पुरे पडत नाहीत. तेव्हा लेहऱ्यालाच धरून राहावं लागतं.

लीड्समध्ये हेडफोनबद्दल मला कोणी जाब विचारत नाही. समानता कायदा २०१० चा आहे, त्याच्या आधारे ऑफिसात ते लावायची परवानगी मिळाली. मॉरिसन्स या सुपरमार्केटने २०१८ मध्ये देशभर आठवड्यातून एक शांत तास सुरू केला, त्या वेळी गाणी आणि घोषणा बंद. याची मला खरंच मदत झाली. पण इथे उपाय म्हणजे बहुतेक वेळा आवाज बंद करणं. मीटिंगमध्ये मांडीवर ठेका धरला किंवा जागच्या जागी झुलले की माना वळतात. मुंबईच्या लोकलमध्ये भजनी मंडळं टाळ घेऊन चढतात, लोक डब्याच्या पत्र्यावर ताल धरतात, खिडकीच्या गजावर बोटं वाजवणारी बाई कोणाच्या नजरेतही येत नाही. अंगाने लय धरायची एवढी मोकळीक मला इंग्लंडात कुठेच मिळालेली नाही.

हेडफोनची मोकळीक मात्र मुंबईत नाही. पाहुण्यांसमोर, वर्गात एकच हुकूम: कानातलं काढ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचं नाव आहे, वाजवी सोयीची तरतूद आहे. ती वर्गातल्या बाकापर्यंत पोचायला हवी.

मुंबईतले ओळखीचे आईबाप विचारतात, म्युझिक थेरपीने मूल सुधारेल का? २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. नऊ देशांतली ३६४ मुलं, उत्स्फूर्त वादनावर आधारलेली थेरपी. सामाजिक लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक दिसला नाही. मला त्याने वाईट वाटलं नाही. मी लेहरा ऐकते ती ऑटिझम कमी व्हावा म्हणून नव्हे, तर संध्याकाळपर्यंत माझी बोलायची ताकद शिल्लक राहावी म्हणून. मूल कार्टूनचं एकच शीर्षकगीत दिवसभर लावत असेल तर लावू द्या. बदलून शास्त्रीय लावायला जाऊ नका. निवड त्याची असते म्हणूनच ते चालतं.

मंडळांकडे माझं एक मागणं आहे. डीजेच्या भिंती नकोतच. पथक मात्र जरूर आणा, आणि ते कोणत्या गल्लीत किती वाजता वाजणार हे वर्गणीच्या पावतीवर छापा. वेळ आधी कळली तर माझ्यासारखी मुलं गॅलरीत यायचं की हेडफोन लावून आतल्या खोलीत बसायचं, हे स्वतः ठरवू शकतील.