हत्याराची हत्यारं

काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंगच्या नियमावलीत माणसाच्या बेंबीला अधिकृत स्थान आहे. कमरेची दोन होल्स्टरं, म्हणजे बंदुका ठेवायची चामडी म्यानं, बेंबीच्या दोन बाजूंना हवीत आणि दोहोंत निदान दोन मुठींचं अंतर हवं, असं तिथे पांढऱ्यावर काळं केलेलं आहे. पन्नाशीकडे झुकलेल्या मराठी पोटाला हा नियम अजिबात जड नाही. माझ्या दोन होल्स्टरांमध्ये दोन मुठी काय, पुरणपोळीचं अख्खं ताट मांडता येईल. बहुतेक वेळा ते तिथेच गेलेलंही असतं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १८७३च्या कोल्टच्या धाटणीची दोन रिव्हॉल्व्हरं, लिव्हर ओढून चालवायची एक रायफल, एक जुन्या वळणाची शॉटगन आणि अंगावर एकोणिसाव्या शतकातले कपडे. एवढा जामानिमा करून अमेरिकेतल्या फिनिक्सच्या उन्हात उभं राहायचं आणि पोलादी पाट्यांवर घड्याळ लावून गोळ्या झाडायच्या. एक नेम चुकला की ५ सेकंद वाढतात, पाट्यांचा क्रम चुकला की १०. खेळाची सोसायटी १९८७ साली स्थापन झाली आणि तिच्या प्रत्येक सभासदाला एक टोपणनाव घ्यावं लागतं. दोघांचं एकच नाव चालत नाही. चांगली चांगली नावं लोकांनी केव्हाच पळवली होती, पण ‘कोल्हापूर किड’ला दुसरा दावेदार निघाला नाही. मैदानावर पुकारणारे आजोबा माझा उच्चार दर वेळी नवा करतात. एकदा ते ‘कोलंबोर’पर्यंत पोहोचले होते.

आता होल्स्टरकडे वळू. मी घेतलं ते तयार, जुन्या पद्धतीचं, खोल. खऱ्या काउबॉयची बंदूक दिवसभर घोड्यावर हिंदकळायची, तेव्हा ती पडू नये हीच त्याची पहिली काळजी असे. झटक्यात बंदूक काढणं हे सगळं पुढे पडद्यावर आलं. आम्ही मात्र टोयोटातून येतो आणि बझर वाजला की सेकंदाच्या दहाव्या भागासाठी जीव टाकतो. त्यामुळे खोल होल्स्टरची पुढची कड आम्हाला नडते. शिवाय माझ्या होल्स्टरचं तोंड बंदूक बाहेर आली की मिटायचं. मग ती परत ठेवताना डाव्या हाताने ते उघडून धरायचं, तोवर घड्याळ आपलं चालूच. आणि घाईत बंदूक हातातून सुटली तर? रिकामी पडली तर ती फेरी बाद. भरलेली पडली तर पुरा सामना बाद.

तेव्हा पुढची कड बोटभर उतरवायची आणि तोंडाला आतून चामड्याचा एक जादा थर शिवून ते ताठ करायचं. काम एवढंच. यासाठी कोणती हत्यारं घ्यावीत, असं मी क्लबात विचारलं आणि तिथून माझे ग्रह फिरले.

कापायला साधा कटर पुरेल, असं मला वाटत होतं. एकाने मला बाजूला घेतलं आणि घरात वाईट बातमी सांगतात त्या आवाजात म्हणाला, “हेड नाईफ घे.” हे अर्धचंद्राकृती पात्याचं प्रकरण असतं. दुसऱ्याचं म्हणणं, नवशिक्याने हेड नाईफ घेतली की आधी बोट कापतं, मग चामडं. कापलेल्या कडेचे कोन मारायला एज बेव्हलर लागतो. त्याला नंबर असतात आणि एका कंपनीचा दोन नंबर म्हणजे दुसरीचा दोन नंबर नव्हे. आमच्याकडे एक जुने सभासद आहेत, ते १८२६ साली सुरू झालेल्या ऑस्बोर्न कंपनीची जुनी हत्यारं जुन्या बाजारातून हुडकून आणतात. त्यांनी मला आपला बेव्हलर दाखवला, पण हातात दिला नाही.

मग हातोडी. घरात हातोडी आहे, हे सांगायची सोय नव्हती. लोखंडी हातोडीने भोकं पाडायच्या पंचाचं डोकं फुलतं, म्हणून नायलॉनची किंवा कच्च्या कातड्याची हवी. ती औंसात मोजतात. गंमत म्हणजे चामड्याची जाडीही औंसातच मोजतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, जेमतेम ०.४ मिलिमीटर. होल्स्टरला आठ-नऊ औंसांचं चामडं लागतं, म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर. वजनाने जाडी मोजणाऱ्या या देशात मी पंचवीस वर्षं कर भरतोय, तरी अजून दचकतो.

हातोडीखाली दगड लागतो. ग्रॅनाइटची सपाट लादी असली की ठोका उडत नाही.

“पाटा मिळणार नाही,” ही स्वयंपाकघरातून म्हणाली. मी तोंड उघडलंसुद्धा नव्हतं.

खरा छळ शिलाईचा. होल्स्टर हाताने शिवायचं ते एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून. दोन्ही सुया एकाच भोकातून आरपार जातात, त्यामुळे एके ठिकाणी दोरा तुटला तरी शिवण उसवत नाही. तत्त्व पटलं. पण टाके कडेला समांतर पडावेत म्हणून आधी ग्रूव्हरने खाच पाडायची. भोकं सारख्या अंतरावर पडावीत म्हणून काट्यांचं छिन्नीवजा हत्यार. ते काही दुकानांत मिलिमीटरवर मिळतं, काही दुकानांत इंचाला किती टाके या हिशेबावर. भोक आरपार न्यायला पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या टोकाची आरी. दोन्ही हात सुयांत गुंतणार, तेव्हा चामडं धरायला गुडघ्यांत दाबायचा लाकडी चिमटा. दोऱ्याला मेण. कडेला पॉलिश करायला लाकडी घोटणी. या सगळ्याला धार लावायला एक पट्टी लागते आणि ती पट्टी चामड्याची असते. म्हणजे चामडं कापायचं तर आधी चामडं विकत घ्या. इथे माझी मती गुंग झाली.

खोकी येत राहिली. होल्स्टरच्या किमतीला हत्यारांनी कधी मागे टाकलं ते कळलं नाही. हिला कळलं होतं.

शेवटी कोल्हापूरला दादाला व्हिडिओ कॉल लावला. दादा फोन घेऊन सुभाषनगरात एका ओळखीच्या चप्पल करणाऱ्या मामांकडे गेला. ही काही उगाच केलेली उठाठेव नव्हती. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, आणि होल्स्टरलाही असंच झाडपाल्यात कमावलेलं कातडं लागतं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं मऊ असतं, धरलेला आकार टिकवत नाही आणि बंदुकीच्या लोखंडालाही ते बरं नाही. म्हणजे मामा याच बिरादरीतले. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मामा त्या आधीपासून चाळीसएक वर्षं याच धंद्यात.

मी एकेक हत्यार कॅमेऱ्यासमोर धरत गेलो.

“ह्ये कशापायी ओ सायब?”

“कड गोल करायला, मामा.”

“आन् ह्ये?”

“शिलाईची रेघ आखायला.”

“आन् ह्यो काटा?”

“टाके सारख्या अंतरावर पडावेत म्हणून.”

मामा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग डोळं कशाला हाईत?”

मागे दादा हसतोय हे फोन हलत होता त्यावरून कळलं. मामांनी आपली हत्यारं दाखवली. रापी, आरी, हातोडी, एक लोखंडी ठोकळा. झालं दुकान. रापीची मूठ हाताळून हाताळून काळी पडली होती आणि पातं घासून घासून निम्मं उरलं होतं. होल्स्टर उलटंसुलटं करायला लावून त्यांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, “कोरडं कापू नगा. जरा पानी लावा, पन चिंब नगं. रंग परत आला, आन् हाताला गार लागतंय, त्या टायमाला रापी चालवायची.”

हेच ज्ञान मी इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी वाचलं होतं. कुणीच ते इतकं थोडक्यात सांगितलं नव्हतं.

तर शनिवारी गॅरेजमध्ये बसलो. ओल्या स्पंजने चामडं पुसलं, ते गडद झालं. फिनिक्सच्या हवेत पाणी पुसेपर्यंत उडून जातं, म्हणून वर ओला फडका टाकून ठेवला. फिका रंग परत आला, गालाला लावून पाहिलं तर गार. रेघेवरून सुरी दोन-तीन हलक्या हातांनी फिरवली आणि कापलेली चकती अलगद सुटली. बेव्हलर बरोबर कोनात धरला की कडेवरून सुतासारखी सलग दोरी निघत जाते. ती काढण्यातली मजा इतकी की गरज नसताना मी पट्ट्याचीही कड मारली. मग जादा थर चिकटवून शिवला. टाके सरळ आले, त्याचं श्रेय काट्याला, डोळ्यांना नव्हे. मामांना हे कळवलेलं नाही. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या चिकट कागदात ते गुंडाळलं आणि ओलसर होल्स्टरमध्ये बसवून बोटांनी चामडं दाबत दाबत आकार धरवला. सुकल्यावर तोंड उघडंच राहिलं. मेण लावून लाकडाने घासल्यावर कड काचेगत तुळतुळीत.

पुढच्या सामन्यात बंदूक सटकन निघाली आणि न बघता परत गेली. माझा वेळही खरोखर कमी झाला. तरीही मला हरवलं ते पायघोळ झग्यातल्या एका आजींनी. त्यांचं होल्स्टर दुकानातून आलं तसंच आहे. त्या वेळ मिळवतात तो शॉटगन भरताना, आणि शॉटगनला बेव्हलर लागत नाही.

हत्यारं मात्र घरात राहिली, आणि महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात हिने ती गोष्ट सहज सांगितली. “अहो, तुमच्याकडे चामड्याचं सगळं असतं ना?” अशी सुरुवात करून एका काकूंनी बंद तुटलेली पर्स दिली. मग दुसरीने. मग कुणाची सूटकेसची मूठ. गेल्या आठवड्यात ढोलपथकाचा म्होरक्या दारात आला तो खांद्यावर ढोलांचे पट्टे टाकूनच. “दादा, गणपतीच्या आत पाहिजेत,” म्हणाला आणि पट्टे सोफ्यावर टाकून चहासुद्धा न घेता गेला. पट्टे उलगडून पाहिले. बकलाची भोकं वाढवायची आहेत, आणि नेमका त्या मापाचा पंच माझ्याकडे नाही.