1260 चे अवयव आणि कापलेले दोन गुण

माझ्या मुलीचा सहावीच्या घटक चाचणीचा गणिताचा पेपर काल घरी आला आणि तेव्हापासून माझा संताप ओसरलेला नाही. प्रश्न होता, 1260 चे मूळ अवयव पाडा, म्हणजे ज्यांना 1 आणि स्वतःखेरीज कशानेच भाग जात नाही अशा मूळ संख्यांच्या गुणाकारात ती लिहा. तिने शेवटचे शून्य पाहून 126 × 10 अशी फोड केली, 10 चे 2 आणि 5 केले, 126 चे 2 आणि 63, मग 63 चे 7 आणि 9, 9 चे 3 आणि 3, आणि शेवटी 2 × 2 × 3 × 3 × 5 × 7 असे चढत्या क्रमाने स्वच्छ लिहिले. उत्तर बिनचूक आहे. तरीही तीनपैकी दोन गुण कापून लाल शाईत शेरा मारला आहे, "2 ने सुरुवात करून उभी मांडणी करावी." प्रश्नात उभ्या मांडणीचे नावही नाही! मी तो तीनदा वाचला.

कोणत्याही वाटेने गेले तरी मूळ अवयव तेच निघतात, हा तर या धड्याचा गाभा आहे. 1801 साली जर्मन गणितज्ञ गाउसने ज्याची काटेकोर सिद्धता मांडली, ते अंकगणिताचे मूलभूत प्रमेय या पोरीने स्वतःच्या हाताने करून दाखवले आणि तिच्या पदरात शिक्षा पडली. गेल्या वर्षी शिकवणीच्या छापील नोट्समध्ये मूळ संख्यांच्या यादीत, 1 ही मूळ संख्या धरत नसतानाही, पहिलाच आकडा 1 होता; मग 6 चे अवयव 2 × 3 म्हणायचे, 1 × 2 × 3 म्हणायचे की 1 × 1 × 2 × 3, हा प्रश्न छापणाऱ्याला पडला नाही, तपासणाऱ्यालाही नाही.

माझ्या शाळेतही हेच होते. 1147 ही मूळ संख्या आहे का, असे विचारले होते आणि मी एकेका मूळ संख्येने भागत 29 पर्यंत जाऊन थकले व "आहे" असे लिहिले. पुढच्याच 31 ने भाग जाऊन 37 येतात. 34 चा वर्ग 1156, म्हणजे 1147 चे दोन्ही अवयव 34 किंवा त्याहून मोठे असूच शकत नाहीत, म्हणून 31 च्या पुढे जाण्याची गरजच नाही, हे एक वाक्य वर्षभरात कोणी सांगितले नाही. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात दीड तासात 75 प्रश्न असतात, एका प्रश्नाला सव्वा मिनिटही येत नाही. तिथे हेच वाक्य उपयोगी पडते, मांडणी कोणी पाहत नाही.

आज संध्याकाळी ती 210 चे अवयव पाडायला बसली. 21 आणि 10 तिला दिसले होते, कारण पेन्सिल तिथेच थबकली. मग तिने उभी रेघ मारली, डावीकडे 2 लिहिला आणि मला विचारले, "आई, आता गुण कापणार नाहीत ना?"