समास एक, मापे चार

पावसाळ्याच्या आलेखात मे महिना कुठून आला, असे गेल्या आठवड्यात वरिष्ठांनी मला विचारले आणि माझ्याकडे शोभेल असे उत्तर नव्हते. मी १ जून ते ३० सप्टेंबर या १२२ दिवसांच्या पावसाची एक साधी रेष काढली होती. पण २०१७ साली आलेल्या २.० या आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिब हे पायथनमधले आलेख काढायचे साधन विदेच्या (म्हणजे डेटाच्या) पल्ल्याच्या पाच टक्के जागा दोन्ही टोकांना परस्पर मोकळी सोडते, त्यामुळे माझा पावसाळा सहा दिवस आधी उगवला आणि ऑक्टोबरात सहा दिवस रेंगाळला.

सेट-एक्सलिम ही आडव्या अक्षाच्या मर्यादा ठरवणारी आज्ञा वापरून मी दोन्ही तारखा पक्क्या केल्या. मग रेष अगदी चौकटीला चिकटलेली दिसू लागली, म्हणून एक टक्का जागा सोडावी या हेतूने मार्जिन्स या टोकांची मोकळी जागा ठरवणाऱ्या आज्ञेला ०.०१ दिले, तर ढिम्म काही हलले नाही. अर्धा तास वाया गेल्यावर कळले, की मर्यादा हाताने ठरवल्या की त्या अक्षाचे ऑटोस्केल, म्हणजे मर्यादा आपोआप ठरवणे, बंद पडते आणि त्यानंतर मार्जिन्सला कोणी विचारत नाही. ठीक आहे, नका विचारू. पण दिलेली आज्ञा आपण केराच्या टोपलीत टाकत आहोत, एवढी एक ओळ छापायला काय हरकत होती?

हे झाले चौकटीच्या आतले. बाहेरच्या मोकळ्या जागेसाठी सबप्लॉट्स-अॅडजस्ट आहे, ज्यात ‘राइट’ म्हणजे उजवीकडचा समास नव्हे, तर डाव्या कडेपासून मोजलेली उजव्या बाजूची जागा. उजवीकडे दहा टक्के सोडायचे म्हणून मी भाबडेपणाने ०.१ लिहिले आणि डावी बाजू उजवीच्या पलीकडे जाऊ शकत नाही, असा दम खाल्ला. (इथे मात्र बोलायला तोंड फुटते!) आतली जागा विदेच्या पल्ल्याच्या प्रमाणात, बाहेरची आकृतीच्या प्रमाणात, मांडणी आपोआप जुळवणाऱ्या टाइट-लेआउटची अक्षराच्या आकाराच्या पटीत आणि चित्र फाइलमध्ये साठवणाऱ्या सेव्हफिगची इंचांत मोजायची, हा हिशेब ज्यांना सोपा वाटतो त्यांना माझा साष्टांग दंडवत.

सेव्हफिगला ‘टाइट’, म्हणजे मजकुराला बेतून चित्र काप, असे सांगितले तर कापले जाणारे अक्षाचे नाव वाचते हे खरे, पण आकृतीचा आकारच बदलतो. सहा इंच रुंद मागितलेले चित्र भलत्याच रुंदीचे निघते आणि अहवालात शेजारी बसवलेल्या दोन आलेखांतली अक्षरे लहानमोठी दिसतात.

शेवटी मी चारही बाजूंचे आकडे अंदाजाने घालत, पुन्हा पुन्हा चित्र काढून पाहत, रात्री साडेअकराला ते जमवले. आज सकाळी वरिष्ठांचा निरोप आला, की उभ्या अक्षाचे नाव जरा मोठ्या अक्षरात हवे.